चुकांची वही, उलटं कॅलेंडर आणि अँकी: प्रवेश परीक्षेच्या तयारीत दहा महिने वापरल्यानंतर

अकरावी संपली तेव्हा माझ्याकडे एक सुंदर टाइमटेबल होतं. पाच रंग, पहाटे पाच ते रात्री दहा, प्रत्येक विषयाला दीड तास. ते अकरा दिवस चाललं. बाराव्या दिवशी ताप आला, चार दिवस अंथरुणात गेले आणि मागे पडलेले धडे घालायला त्या तक्त्यात कुठे जागाच नव्हती. त्यानंतर जे हळूहळू उभं राहिलं आणि परीक्षेच्या आदल्या दिवसापर्यंत टिकलं, त्याबद्दल लिहितेय. भिंतीवरचं एक कॅलेंडर, अँकी हे कार्डांचं अ‍ॅप आणि एक दोनशे पानी वही. तिन्ही दहा महिने रोज वापरलं. तिघांत वहीचा उपयोग सगळ्यात जास्त झाला, म्हणून तिच्याबद्दल जास्त लिहीन.

कॅलेंडरबद्दल थोडक्यात. ते परीक्षेच्या तारखेपासून मागे भरत यायचं. शेवटचे पंधरा दिवस नवीन धडा नाही, फक्त उजळणी. त्याआधीचे सहा आठवडे दर आठवड्याला दोन पूर्ण पेपर. शाळेच्या अंतिम परीक्षेचे दिवस आणि त्याआधीचे दहा दिवस काट मारून बाजूला. एवढं केल्यावर नवीन शिकायला जे आठवडे उरतात ते मोजले, की पोटात गोळा येतो. मला वाटत होते अठ्ठावीस, निघाले एकोणीस. पण हा धक्का सुरुवातीलाच बसलेला बरा, कारण कोणते धडे खोलवर करायचे आणि कोणते वरवर, हे तेव्हाच ठरवता आलं. दर आठवड्याचा एक दिवस मी पूर्ण मोकळा ठेवला, राहिलेलं भरून काढण्यासाठी. पुन्हा दोनदा आजारी पडले, पण कॅलेंडर कोलमडलं नाही ते त्या मोकळ्या दिवसामुळे. अर्ज भरायची शेवटची तारीख, फोटोचा आकार, ओळखपत्रावरच्या नावाचं स्पेलिंग तपासणं, प्रवेशपत्र डाउनलोड करणं हेही त्याच कॅलेंडरवर लाल पेनने लिहा. ती कामं अभ्यासाच्या ऐन भरात येतात आणि डोक्यातून निसटतात.

आता अँकी. आधी मी रात्री हायलाइट केलेल्या नोट्स पुन्हा पुन्हा वाचायचे आणि सगळं येतंय असं वाटायचं. पेपरात समोर आलं की आठवायचं नाही. रोएडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा एक प्रयोग आहे. काही विद्यार्थ्यांनी उतारा परत वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परत वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के आठवलं आणि परत वाचणाऱ्यांना ४२ टक्के. माझी रात्रीची खात्री म्हणजे ती पाच मिनिटांनंतरची खात्री होती. अँकी तुम्हाला आठवायलाच लावतं. कार्डावर प्रश्न येतो, मनात उत्तर द्यायचं, मग उलटून बघायचं आणि किती जमलं त्याप्रमाणे चारपैकी एक बटण दाबायचं. त्यावरून ते कार्ड उद्या दाखवायचं की महिन्याने, हे अ‍ॅप ठरवतं.

इथे मी एक मोठी चूक केली. नवीन कार्डांची मर्यादा मुळात रोज २० असते. सुट्टीत हुरूप आला म्हणून ती ६० केली. नवीन कार्ड आज एकदा बघून संपत नाही, ते उद्या, परवा, आठवड्याने परत येतं. तीन आठवड्यांत रोज साडेतीनशेच्या वर कार्डं साचायला लागली आणि दोन तास त्यातच जायचे, गणितं सोडवायला वेळ उरेना. शेवटी बारा दिवस नवीन कार्डं पूर्ण बंद केली, साचलेला ढीग उपसला आणि मग रोज १५ वर आले. ते शेवटपर्यंत जमलं, सकाळी पंचवीस-तीस मिनिटांत.

दुसरी गोष्ट, कार्डावर काय घालायचं. एक तर येतं, नाहीतर येत नाही, असंच घाला: अभिकारक, आयनांचे रंग, मिती, प्रमाण मूल्यं, व्याख्येतला नेमका शब्द. पूर्ण गणित घालू नका. मी घूर्णनाची काही गणितं घातली होती. महिन्याभरात पहिले तीन शब्द वाचले की उत्तर तोंडात यायचं, पण सोडवायचं कसं ते विचाराल तर कोरं. कार्डाचा चेहरा पाठ झाला होता. ती सगळी काढून टाकली. २०२३ पासून अ‍ॅपमध्ये एफएसआरएस नावाची वेळापत्रकाची नवी पद्धत आहे, ती चालू करा. पण विसरला असाल तर ‘कठीण’ नका दाबू, ‘पुन्हा’च दाबा. नाहीतर तुम्हाला आठवलं असं ती धरून चालते आणि पुढचं अंतर लांबवते. एखादं कार्ड आठव्यांदा चुकलं की अ‍ॅप ते आपणहून बाजूला काढतं. अशी कार्डं मी रविवारी बघायचे. बहुतेक वेळा एका कार्डात दोन-तीन गोष्टी कोंबलेल्या असायच्या. ती फोडून वेगळी केली की लक्षात राहायची.

आता वही. पानाला चार रकाने: प्रश्न (दोन ओळींत), मी काय केलं, का केलं, आणि पुन्हा कधी सोडवायचा. सगळा जीव तिसऱ्या रकान्यात आहे. पहिल्या महिन्यात तिथे मी ‘निष्काळजीपणा’ असं लिहायचे, आणि त्याचा काडीचा उपयोग नव्हता, कारण निष्काळजीपणावर उद्या सकाळी काय करायचं हे कुणालाच सांगता येत नाही. मग स्वतःला अट घातली: काय घडलं तेच लिहायचं.

एक नोंद जशीच्या तशी देते. प्रश्न: १०⁻⁸ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाचा पीएच किती? मी काय केलं: ८ वर खूण. का: ‘सूत्रात घातलं आणि आलेलं उत्तर बघितलंच नाही. आम्लाचा पीएच ७ च्या वर कसा असेल? पाण्याचे स्वतःचे हायड्रोजन आयन (१०⁻⁷) आम्लाच्या दसपट आहेत, ते धरलेच नाहीत. बरोबर: ६.९८.’ पुन्हा: चार दिवसांनी, मग तीन आठवड्यांनी. ही नोंद लिहिल्यावर ‘उत्तर शक्य आहे का?’ हा एक सेकंदाचा थांबा मला सगळ्याच विषयांत लागला. वेग ऋण आला, संभाव्यता एकाच्या वर गेली, की हात आपोआप थांबायला लागला.

तीन महिन्यांनी मी तिसरा रकाना सलग वाचून काढला. मला वाटायचं माझं भौतिकशास्त्र कच्चं आहे, आणि कॅलेंडरवर त्यालाच सगळ्यात जास्त दिवस दिले होते. वही वेगळंच सांगत होती. बावीस चुकांच्या एका पेपरात नऊ ठिकाणी मला खरोखर माहीत नव्हतं आणि आठ ठिकाणी मी प्रश्न नीट वाचलाच नव्हता: ‘अयोग्य विधान ओळखा’ असताना योग्य ओळखलं, व्यास दिला होता तो त्रिज्या म्हणून घेतला, उत्तर सेंटिमीटरमध्ये हवं होतं. आणि या आठपैकी सहा शेवटच्या पाऊण तासातल्या. म्हणजे भौतिकशास्त्राचे आणखी दहा दिवस घेऊन त्या आठ प्रश्नांचं काही झालं नसतं. त्या रात्री कॅलेंडर बदललं. भौतिकशास्त्राचे सहा दिवस कमी केले, पूर्ण तीन तासांचे पेपर वाढवले. तोवर पेपर मी रात्री जेवण झाल्यावर सोडवायचे. ते परीक्षेच्याच वेळेला, सकाळी, मध्ये न उठता सोडवायला लागले. प्रत्येक प्रश्नातला ‘नाही’, ‘वगळता’, ‘अयोग्य’ पेन्सिलने गोल करायचा, एवढा एक नियम. दोन महिन्यांत वाचनाच्या चुका आठवरून दोन-तीनवर आल्या.

अंदाजाचा हिशेबही वहीनेच दिला. बरोबरला चार, चुकीला वजा एक असेल तर चार पर्यायांत डोळे मिटून खूण केली तरी सरासरी पाव गुण मिळायला हवा. म्हणून मी काहीच सोडायचे नाही. मग सहा पेपरांत अंदाजाच्या उत्तरांपुढे छोटं ‘अं’ लिहिलं. काहीच कळत नसताना मारलेले ५८, त्यातले बरोबर ११: ४४ वजा ४७, म्हणजे तीन गुणांचा तोटा. कारण मी डोळे मिटून मारतच नव्हते. अर्धवट आठवणीला जो पर्याय ओळखीचा वाटतो तिकडे हात जायचा, आणि चुकीचे पर्याय त्या अर्धवट आठवणीवरच बेतलेले असतात. दोन पर्याय खात्रीने बाद करून मारलेले ३१, त्यातले १७ बरोबर: ६८ वजा १४, चोपन्न गुणांचा फायदा. त्यानंतर दोन बाद झाले तरच खूण, नाहीतर पुढे. तुमचा आकडा वेगळा निघेल, तो मोजाच.

खटकलं तेही सांगते. वही वेळखाऊ आहे. तीन तासांचा पेपर तपासून लिहायला मला अडीच तास लागायचे, आणि गुण कमी आलेल्या संध्याकाळी तेच प्रश्न परत उघडणं फार जड जातं. दोनदा रडले आणि वही मिटून ठेवली. त्यावर एकच उपाय लागू पडला: त्या दिवशी फक्त गुणांची बेरीज करायची, नोंदी दुसऱ्या दिवशी सकाळी. परीक्षेला दोन महिनेच उरले असतील तर अँकी नव्याने सुरू करू नका, त्याला मुरायला वेळ लागतो. वही मात्र आजपासूनही चालेल.

माझी मामेबहीण पुढच्या वर्षी परीक्षेला बसतेय. तिने माझी वही मागितली. तिला कोरी वही आणून चार रकाने आखून दिले आणि तिचा पहिला सराव पेपर शेजारी बसून तपासला. सतरा चुका, त्यातल्या सात कंस सोडवताना चिन्ह चुकल्याच्या. माझ्या दोनशे पानांत चिन्हाच्या नोंदी मोजून तीन आहेत.