सोरोसिम वापरून पाहिलं: मऊ हाताचं गणित १६ आकड्यांत

माझ्या टेबलावर सिलिकोनचा एक हात आहे. १५ सेंटिमीटर लांब, ३ सेंटिमीटर जाड, हाडं नाहीत की सांधे नाहीत. आतल्या तीन तारा मोटरनं ओढल्या की तो वळतो. त्याच्या कंट्रोलरसाठी गतीचं मॉडेल हवं होतं, म्हणून गेले दोन महिने सोरोसिम वापरते आहे. मॅटलॅब या गणिती सॉफ्टवेअरमध्ये चालणारा, खुल्या सोर्स कोडचा हा टूलबॉक्स अबू धाबीच्या खलिफा विद्यापीठातल्या संशोधकांनी केला आहे.

आधी मी नेहमीची वाट धरली होती: हात म्हणजे वर्तुळाचा कंस. हिशेब झटपट होतो, पण हात सरळ झाला की वक्रता शून्य, आणि रूढ सूत्रांत शून्याला शून्यानं भागायची वेळ येते. शिवाय आडवा धरलेला हात कंसासारखा वाकतच नाही. स्वतःच्या वजनानं तो मुळाशी जास्त वाकतो, टोकाकडे जवळजवळ सरळ राहतो.

सोरोसिमचं खरं बळ इथं कळतं. कोसेरा बंधूंनी १९०९ मध्ये मांडलेल्या सिद्धांतावर ते उभं आहे. हात म्हणजे एक लांब दांडा मानायचा. प्रत्येक छेदापाशी तो किती वाकला, पिळला, ताणला गेला, हे स्ट्रेनच इथं मूळ चल. लांबीवर ते कसे बदलतात ते बहुपदीनं मांडायचं आणि तिची कोटी (सर्वांत मोठा घात) आपण निवडायची. आडव्या दांड्यात वजनाचा मोमेंट (वाकवणारा जोर) टोकापासूनच्या अंतराच्या वर्गानुसार वाढतो, म्हणून दोन्ही दिशांच्या वाकण्याला मी दुसरी कोटी दिली आणि पिळाला एक स्थिरांक. एकूण ७ चल. कॅमेऱ्यानं टिपलेला आकार मॉडेलच्या आकारावर ठेवला आणि मुळाजवळची वक्रता तंतोतंत जुळली, तेव्हा फार आनंद झाला!

लांबीतलं ताणणं-आखडणं मात्र मी मॉडेलात बंद ठेवलं होतं, ती चूक. तार २० न्यूटननं ओढल्यावर हात सुमारे ७२ अंश वळतो, पण त्याचबरोबर ७ मिलिमीटर आखडतोही. तो आठवा चल घातला. आठ चल आणि त्यांचे आठ वेग धरून १६ आकडे झाले, आणि समीकरणाचा साचा कडक रोबोटसारखाच: वस्तुमानाचा मॅट्रिक्स, कोरिओलिस (वेगामुळे येणारी बलं), ताठरपणा, अवमंदन (हालचाल शमवणारं बल). रोबोटिक्सच्या वर्गात शिकलेलं बरंचसं कंट्रोल इथं वापरता येतं; फक्त चल आठ आणि तारा तीनच, हे लक्षात ठेवावं लागतं.

हाच दांडा ५ मिलिमीटरचे तुकडे करून, साध्या एक्सप्लिसिट पद्धतीनं (पुढची स्थिती थेट आधीच्या स्थितीवरून काढत) सोडवला असता तर? माझ्या सिलिकोनमध्ये ताणाची लाट सेकंदाला साधारण २४ मीटर धावते, म्हणजे वेळेचं प्रत्येक पाऊल ०.२ मिलिसेकंदाच्या आसपास किंवा त्याहून लहान ठेवावं लागतं. माझ्या कंट्रोलरच्या लूपला एका फेरीसाठी १० मिलिसेकंद मिळतात, तेवढ्यात अशी निदान ५० पावलं बसवावी लागली असती. त्यामुळे किती चल पुरतात हे मी टूलबॉक्समध्ये ठरवलं आणि तीच समीकरणं मोठी पावलं चालणाऱ्या इम्प्लिसिट पद्धतीनं सी प्लस प्लसमध्ये लिहिली. टूलबॉक्स थेट लूपमध्ये घातलेला नाही.

मॅटलॅबचा परवाना लागतो, हे आधी बघा. पहिली ओळख मात्र सोपी आहे. लिंकची (हाताच्या भागाची) मापं आणि यंग मापांक (सिलिकोन किती ताठ आहे ते) भरायचा, तारांचा मार्ग सांगायचा, बस्स.

माझ्या मॉडेलात तारेचं घर्षण अजून नाही. घर्षणांक ०.२ धरला तर ७२ अंशांच्या वळणानंतर टोकाशी ७८ टक्केच ओढ उरते. या आठवड्यात तेच घालते आहे.