माणशी किती, हजेरीमागे किती? उत्पादकतेचा कुठला आकडा धरायचा

एक साखर कारखाना घेऊ आणि एक गाड्यांचे सुटे भाग करणारा. दोन्ही काल्पनिक; आकडे तोंडी भागाकार जमावा म्हणून निवडलेत. साखर कारखान्यात 600 माणसं, गाळप 140 दिवस, वर्षाचं मूल्यवर्धन 42 कोटी रुपये. सुट्या भागांच्या कारखान्यात 200 माणसं, काम 300 दिवस, मूल्यवर्धन 24 कोटी. (मूल्यवर्धन म्हणजे मालाच्या किमतीतून कच्चा माल, वीज, इंधन आणि बाहेरून घेतलेल्या सेवा वजा जाता उरतं ते.) माणशी हिशोब केला तर साखरवाले 7 लाख, सुटे भागवाले 12 लाख. "साखर कारखान्यात काम कोण करतं!" हे वाक्य लगेच ओठावर येतं.

आता हजेरीपट उघडा. साखरेत 84 हजार मनुष्यदिन (माणसं गुणिले कामाचे दिवस) भरले, म्हणजे दिवसामागे 5 हजार रुपये. सुट्या भागांत 60 हजार मनुष्यदिन, दिवसामागे 4 हजार. क्रम पार उलटा झाला, आणि यात कोणी खोटं बोललेलं नाही.

देशातल्या कुठल्या उद्योगाची उत्पादकता वाढते आहे आणि कुठल्याची अडली आहे, हे शोधणाऱ्यांची पहिली चूक इथेच होते. मूल्यवर्धनाच्या आकड्यावर सगळे भांडतात आणि खाली कशाने भागलं ते कोणी बघत नाही. प्रबंध लिहिणारी विद्यार्थिनी असो, पगारकराराला बसणारा संघटनेचा कार्यकर्ता असो की लघुउद्योगांसाठी अहवाल करणारा सल्लागार, भारतात आकडे मिळवायला त्याच्यापुढे मुख्यतः चार दारं आहेत. दार निवडण्याआधी आत कोणाला मोजलंय ते विचारायचं.

वार्षिक उद्योग पाहणी, म्हणजे एएसआय

माझा सगळ्यात जास्त वापर हिचा. 2023-24 पर्यंतच्या आकड्यांत कारखाना कायदा 1948 खाली नोंदलेले कारखाने येतात: वीज वापरत असतील तर 10 किंवा जास्त कामगार, वीज नसेल तर 20 किंवा जास्त. आकडे कारखान्याच्या वह्यांमधून घेतलेले असतात, राज्यवार मिळतात आणि उद्योगांची वर्गवारी बऱ्यापैकी बारीक असते. महाराष्ट्रातलं कापड आणि तमिळनाडूतलं कापड शेजारी ठेवून बघायचं असेल तर यासारखं दुसरं साधन नाही.

सुरुवातीचा साखरेचा घोळ याच पाहणीतला. एएसआयमध्ये माणसांची संख्या सरासरी असते: वर्षभरातले मनुष्यदिन भागिले कारखाना जितके दिवस चालला ते दिवस. त्यामुळे हंगामी कारखान्यातला चार-पाच महिन्यांचा कामगार आणि वर्षभर राबणारा कामगार दोघंही एकेक मोजले जातात. गूळ-साखर, जिनिंग, फळप्रक्रिया असे हंगामी उद्योग हाताळताना माणशी आकडा बाजूला ठेवावा आणि मनुष्यदिनाचा रकाना धरावा. तो पाहणीत असतो, पण फार थोडे लोक तिथवर जातात.

दुसरा खड्डा किमतींचा. एएसआयचे आकडे चालू किमतींत, म्हणजे त्या त्या वर्षीच्या भावांत असतात. 2021-22 मध्ये मूल्यवर्धन 26.6 टक्क्यांनी वाढलं आणि कामगारसंख्या सुमारे 7 टक्क्यांनी. भागाकार केला की माणशी 18 टक्क्यांची उडी दिसते. मी एका व्याख्यानात ती उडी मोठ्या हौसेने फळ्यावर लिहिली होती. मागच्या बाकावरून एका निवृत्त हिशोबनीसांनी विचारलं, "भाववाढ काढलीत का?" काढली नव्हती. त्या वर्षी घाऊक किमतींचा निर्देशांक सरासरी 13 टक्क्यांनी चढला होता. तो वजा केला की उडी पाच टक्क्यांच्या आत येते. खरं तर प्रत्येक उद्योगाला त्याच्या मालाचा निर्देशांक लावायला हवा, पोलादाला पोलादाचा, कापडाला कापडाचा. तेवढा वेळ नसेल तर सरसकट निर्देशांक तरी लावावा. काहीच न लावणं म्हणजे भाववाढीलाच कामगिरी म्हणणं.

असंघटित उपक्रमांची पाहणी

कारखाना कायद्याच्या उंबरठ्याबाहेर जे आहे ते इथे सापडतं: घरातली पिको-फॉलची मशीन, कोपऱ्यावरचं किराणा दुकान, गॅरेज, पिठाची गिरणी. शेती आणि बांधकाम यात नाही. 2023-24 मध्ये असे 7.34 कोटी उपक्रम आणि 12 कोटींहून जास्त माणसं मोजली गेली. माणशी मूल्यवर्धन वर्षाला साधारण दीड लाख रुपये.

त्याच वर्षी एएसआयच्या कारखान्यांत साधारण 1.96 कोटी माणसं आणि 24.6 लाख कोटींचं मूल्यवर्धन, म्हणजे माणशी साडेबारा लाख. आठपटीहून जास्त अंतर. हा आकडा भाषणात टाळ्या घेतो, पण जपून वापरावा. एका बाजूला फक्त कारखाने आहेत, दुसऱ्या बाजूला दुकानं आणि सेवाही मिसळलेल्या आहेत. तुलना करायचीच तर असंघटित पाहणीतला फक्त वस्तुनिर्माणाचा भाग वेगळा काढून करा.

वर्षांमागून वर्षांचा कल बघायला मात्र हे दार अजून अरुंद आहे. आधी ही पाहणी काही वर्षांच्या अंतराने व्हायची, 2010-11, मग 2015-16. दरवर्षी होऊ लागली ती 2021-22 पासून. तीन-चार ठिपक्यांवरून वीस वर्षांची रेघ ओढू नये.

राष्ट्रीय उत्पन्न भागिले श्रमबल

वर्तमानपत्रातले बहुतेक लेख याच वाटेने जातात, कारण ती सोपी आहे. राष्ट्रीय उत्पन्नाच्या तक्त्यातून क्षेत्राचं मूल्यवर्धन घ्यायचं, श्रमबल पाहणीतून, म्हणजे पीएलएफएसमधून, त्या क्षेत्रातली माणसं घ्यायची आणि भागायचं. 2023-24 मध्ये काम करणाऱ्यांपैकी 46.1 टक्के शेतीत होते, आणि देशाच्या मूल्यवर्धनात शेतीचा वाटा 18 टक्क्यांच्या आसपास. म्हणजे बिगरशेतीतला माणूस शेतीतल्या माणसाच्या जवळपास चौपट मूल्य निर्माण करतो. क्षेत्रांमधली इतकी ढोबळ दरी दाखवायला ही पद्धत पुरेशी आहे.

वर्षागणिक कल बघायला लागलात की ती फसवते. 2018-19 मध्ये काम करणाऱ्यांतला शेतीचा वाटा 42.5 टक्के होता. मग टाळेबंदी आली, माणसं गावी परतली, आणि वाटा 46 च्या घरात जाऊन बसला. याच काळात स्त्रियांचा श्रमसहभागही 2017-18 मधल्या 23.3 टक्क्यांवरून 2023-24 मध्ये 41.7 वर गेला, आणि ग्रामीण भागात त्यातल्या पुष्कळ जणी घरच्याच शेतीवर किंवा घरच्याच धंद्यात आहेत. पीएलएफएसच्या नेहमीच्या मोजणीत वर्षातून 30 दिवस जरी काम केलं तरी माणूस कामकरी धरला जातो. सकाळी म्हैस पिळून, खुरपणीच्या दिवसांत महिनाभर रानात जाणारी बाई आणि बारमाही सालगडी, दोघंही भागाकारात एकेकच. माणसं वाढली की माणशी आकडा खाली येतो. आता यातलं किती काम खरोखर नवं आणि किती आधीही होत होतं पण नोंदलं जात नव्हतं, यावर अर्थतज्ज्ञांचे वाद चालू आहेत. तो वाद न सोडवता "शेतीची उत्पादकता घसरली" असं लिहिणं घाईचं ठरेल.

याच वाटेवरचा गमतीचा भाग म्हणजे सरकारी प्रशासन. तिथे विकायला माल नसतो, म्हणून खर्च, मुख्यतः पगार, हेच उत्पादन धरलं जातं. वेतन आयोग लागला की बाबूंची 'उत्पादकता' कागदावर वाढते. उद्योगांची क्रमवारी लावताना हे क्षेत्र मी सरळ वगळतो.

केएलईएमएस: यंत्रासकट हिशोब

रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर मिळणारी ही आकडेवारी 1980-81 पासूनची आहे आणि अख्ख्या अर्थव्यवस्थेचे 27 उद्योगांत भाग पाडते. नावातली पाच अक्षरं म्हणजे भांडवल, श्रम, ऊर्जा, कच्चा माल आणि सेवा. बाकीच्या तिन्ही दारांशी मुख्यतः एकच प्रश्न विचारला जातो, माणशी किती. इथे पुढचा प्रश्न विचारता येतो: माणशी वाढलं ते यंत्र मोठं आणलं म्हणून, माणसं जास्त शिकलेली आली म्हणून, की त्याच साधनांतून जास्त निघायला लागलं म्हणून? हे तिसरं म्हणजे एकूण घटक उत्पादकता. हातमागाच्या जागी शटललेस (धोट्याविना चालणारा) माग आणला की विणकरामागे मीटर वाढणारच. त्यातलं मागाचं श्रेय किती आणि कारखाना चालवण्याच्या रीतीचं किती, हे वेगळं केलेले तयार आकडे या चार दारांत फक्त इथे मिळतात. चाळीस वर्षांचा पल्ला आणि शेतीपासून वित्तसेवेपर्यंत एकच पद्धत, म्हणून उद्योगांच्या कलांची तुलना हाच तुमचा विषय असेल तर निःशंक इथून सुरुवात करा.

पण डोळे उघडे ठेवून. 27 उद्योग म्हणजे चाळणी जाड. कापड, कपडे, चामडं आणि पादत्राणं एकाच रकान्यात आहेत. इचलकरंजीचा यंत्रमाग आणि कोल्हापुरी चप्पल शेजारी बसवलेत. साखर, चहा आणि बिडी हेही एकत्रच. राज्यवार फोड नाही. श्रम मोजताना माणसं मोजतात, त्यांच्या शिक्षणाप्रमाणे वजन देतात, पण घड्याळी तास मोजत नाहीत. उरलेलं सगळं ज्यात जातं ती घटक उत्पादकता शेवटी वजाबाकीची बाकी आहे, म्हणून मोजणीतल्या चुकाही तिच्यातच साचतात. टाळेबंदीत बंद पडलेलं यंत्र भांडवलात धरलेलंच राहतं आणि 2020-21 ची बाकी उगाच खाली ओढली जाते.

मला यातली सर्वांत मोठी अडचण वाटते ती 2011-12 ते 2017-18 या वर्षांची. मोठी रोजगार पाहणी 2011-12 ला झाली, त्यानंतरची पीएलएफएस 2017-18 ची. मधल्या वर्षांचे रोजगाराचे आकडे दोन टोकं जोडून आलेले आहेत. आणि नेमक्या याच पट्ट्यात नोव्हेंबर 2016 ची नोटबंदी आहे, जुलै 2017 चा जीएसटी आहे. त्या धक्क्यांनी कुठल्या उद्योगातली किती माणसं घरी बसली, हे त्या सरळ रेघेत कुठून दिसणार? या दोन घटनांचा उत्पादकतेवरचा परिणाम कोणी केएलईएमएसच्या वर्षवार आकड्यांवरून ठामपणे सांगत असेल तर तो लेख मी तिथेच मिटतो. 1990 आणि 2010 या दशकांची तुलना मात्र त्यावरून खुशाल करावी.

मग कोणी काय घ्यावं? प्रबंधासाठी केएलईएमएस, आणि तुमचा उद्योग कारखान्यांचा असेल तर त्याच्या पडताळणीला एएसआय. दोन्हींतला कल एकाच दिशेने जात नसेल तर घाबरू नका. तो फरक का पडला हे शोधणं हाच बहुधा तुमचा प्रबंध आहे. लघुउद्योगांचा अहवाल असेल तर असंघटित पाहणी, पण एक-दोन वर्षांचीच भाषा ठेवून. पीएलएफएसची वाट फक्त शेती विरुद्ध बाकीचे इतक्या ढोबळ चित्रासाठी. आणि काहीही झालं तरी वरचा आकडा एका दारातून आणि खालचा दुसऱ्या दारातून अशी मोट बांधायची झाली, तर दोन्हींत तीच माणसं आहेत ना, हे कागदावर लिहून ताडून बघा.

पगारकराराला बसणाऱ्यांनी केएलईएमएसच्या वाटेला जाऊ नये. देशभराच्या घटक उत्पादकतेचा आलेख दाखवला तर समोरचे व्यवस्थापक आदराने मान डोलावतील आणि विषय चहाकडे वळवतील. एएसआयमधला आपल्या उद्योगाचा, आपल्या राज्याचा मनुष्यदिनामागचा आकडा काढा, भाववाढ वजा करा आणि सोबत आपल्या गेटवरचा मस्टर न्या. एएसआयमध्ये कंत्राटी कामगारही मोजलेले असतात आणि आता कामगारांत त्यांचं प्रमाण 40 टक्क्यांच्या वर आहे. कंपनीच्या मस्टरवर ती नावं नसतील तर तुमचा भागाकार फुगेल आणि पुढच्या बैठकीत तोच तुमच्यावर उलटेल. म्हणून कंत्राटदाराचा मस्टरही आधीच मागून घ्या.