डायफ्राम पंपाचा एअर व्हॉल्व्ह किट – घ्यावा का?

आमच्याकडे ईटीपीला (सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट) फिल्टर प्रेसला, म्हणजे गाळातलं पाणी दाबून काढणाऱ्या मशीनला, स्लज (गाळ) द्यायला दीड इंची हवेवरचा डायफ्राम पंप आहे, तो दोन महिने मधेच अडकायचा, मग ऑपरेटर पान्याच्या दांड्याने व्हॉल्व्हवर दोन ठोके द्यायचा की परत ठक-ठक चालू 😄 सगळे म्हणत होते डायफ्राम गेलं, पण मफलरमधून (पंपाची वापरलेली हवा बाहेर पडते तिथून) स्लज येत नव्हता म्हणजे डायफ्राम शाबूत.

शेवटी लोकल मेकचा किट मागवला, ओरिजिनलच्या निम्म्या भावात. आत स्पूल (पुढे-मागे सरकून हवेची दिशा बदलणारा दांडा), ओ-रिंगा, गॅस्केट. हवा बंद करून लाइनमधलं प्रेशर सोडलं आणि चार ॲलन बोल्ट काढले तर आत कॉफीसारखा चिकट गाळ, कॉम्प्रेसरचं तेल आणि पाणी मिसळलेलं!! जुना स्पूल चिंधीने पुसून उजेडात धरला तर उभे ओरखडे, नखाला लागतात एवढे.

फिटिंग अर्ध्या तासात झालं. ओ-रिंगा चांगल्या निघाल्या पण गॅस्केटचं एक भोक जरा सरकलेलं होतं, जुनंच परत लावलं, दुकानदाराला फोटो पाठवलाय अजून उत्तर नाही. ग्रीस अगदी बोटाला लागेल एवढंच लावा, थापलं की त्यातच धूळ बसते.

आता तीन महिने झाले, एकदाही अडकला नाही. पण खरं सांगू का, अर्धं श्रेय एफआरएलला (हवेच्या लाइनवरचं फिल्टर-रेग्युलेटर-लुब्रिकेटर), त्याचा बाउल आता रोज सकाळी ड्रेन करतो, पावसाळ्यात तर दोनदा. स्पूलला पाच स्टार, गॅस्केटला एक.