माळनाक्याजवळची काकूंची खानावळ: वर्षभर जेवल्यावर

मी राजापूर तालुक्यातला. बारावीनंतर रत्नागिरीत एफवायबीएस्सीला प्रवेश घेतला आणि मारुती मंदिराजवळ एका मुलाबरोबर खोली घेतली. हा अभिप्राय मुद्दाम माझ्यासारख्या मुखदुर्बळ पोरांसाठी लिहितोय. रत्नागिरीत चांगलं जेवण कुठे मिळतं हे कोणीही सांगेल, पण ज्याला अनोळखी माणसाकडे भात मागायचीसुद्धा भीड वाटते त्याने कुठे जेवावं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

वर्गात न बोलता दिवस निघून जातो. प्रॅक्टिकलला जोडीदार रोल नंबरवरून मिळतो, तिथेही निभावतं. खरी अडचण दुपारी एक वाजता. सगळे घोळक्याने कॅन्टीनकडे निघतात आणि आपण बॅगेची चेन उगाच उघडझाक करत मागे राहतो. पहिले तीन आठवडे मी बिस्किटांचा पुडा घेऊन थिबा पॉइंटला चालत जायचो. जुलैचा पाऊस, छत्री उलटी करणारा वारा आणि खाली भाट्याची खाडी. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८६ मध्ये रत्नागिरीत आणलं. राजवाडा झाला १९१० मध्ये आणि १९१६ मध्ये तो इथेच वारला. तीस वर्षं परक्या गावात! शाळेत हे नुसतं पाठ केलं होतं, तिथे उभं राहून बिस्किटं खाताना मात्र पोटात कालवायचं.

मध्ये एका मेसमध्ये चार दिवस गेलो. तिथे वाढपी लांबून ओरडून विचारायचा आणि सगळं टेबल आपल्याकडे बघायचं. पाचव्या दिवशी गेलो नाही.

काकूंची खानावळ म्हणजे त्यांच्या कौलारू घराची पुढची पडवी आणि एक खोली. पाटी नाही. लांब तीन टेबलं, दोन्ही बाजूंना बाकडी. तिसऱ्या टेबलाची एक बाजू खिडकीकडे तोंड करून आहे, बाहेर मोरी आणि पपईचं झाड. नवीन असाल तर तिथेच बसा, कोणाच्या नजरेला नजर द्यावी लागत नाही.

दोन वेळचे महिना ३,२०० रुपये. चार पोळ्या, एक भाजी, आमटी, भात, आणि ताक किंवा सोलकढी. भात-आमटी लागेल तेवढी. सोमवारी कडव्या वालांची उसळ, बुधवारी अंडी, शुक्रवारी मासे. मी जुलैत आलो तेव्हा शुक्रवारी सुकटीची चटणी आणि कुळथाची पिठी असायची, कारण १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. ऑगस्टमध्ये मिरकरवाड्याहून ताजे बांगडे आले तेव्हा त्या खोलीत कोणीही बोलत नव्हतं, आणि पहिल्यांदाच मला गप्प बसायचं ओझं वाटलं नाही. तिरफळ घातलेली बांगड्याची कढी घरच्यासारखीच होती, थोडी जास्त आंबट.

आता ज्या गोष्टीसाठी लिहायला बसलो ती. मी दुसऱ्यांदा भात कधीच मागत नसे. वाटीत आमटी उरायची, ताट कोरडं, मी उठायच्या बेतात. काकूंच्या ते लक्षात आलं असणार, पण त्या सगळ्यांदेखत काही बोलल्या नाहीत. तिसऱ्या आठवड्यात एकदा त्यांनी भाताचं पातेलं आणि डाव आणून माझ्यापुढे ठेवला. "जरा ह्या बाकड्याला वाढ रे, माझी पोळी करपतेय." एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या.

मी उभा राहिलो. हात थरथरत होता, पहिल्या डावाची शितं टेबलावर सांडली. शेजारच्याला विचारलं, "भात?" तो म्हणाला, "थोडा." पुढच्याला, "भात?" सात जणांना एकच शब्द. शेवटी उरलेला माझ्या ताटात घेतला, कारण आता तो मागायचा नव्हता. दुसऱ्या दिवशी आमटीचं भांडं आलं. पंधरा दिवसांत कोण डाळीवरचं पाणीच मागतो, कोणाला ताक चालत नाही हे मला पाठ झालं. मग नावं कळली, मग गावं. त्यातलाच देवरुखचा एक जण दिवाळीनंतर माझ्याबरोबर लायब्ररीत बसायला लागला. लोकांशी बोल, मिसळ, असं मला बऱ्याच जणांनी सांगितलं होतं. हातात डाव फक्त काकूंनी दिला.

उणिवा आहेत. पावणेदोननंतर पोळ्या वातड होतात. हात धुवायला एकच नळ, तिथे रांग लागते. रविवारी रात्री बंद, त्या दिवशी आम्ही वडापाववर काढतो. परीक्षेच्या दिवसांत गर्दी वाढली की आमटी पातळ होते, हे मी काकूंना सांगितलंय, आणि त्यांनी ऐकून घेतलं.

खाड्याचा नियम नीट समजून घ्या. सलग तीन दिवस असेल तरच पैसे वळते होतात, आणि आदल्या रात्रीच्या आत नोंद हवी. गणपतीला मी न सांगता घरी गेलो आणि सहा दिवसांचे पैसे बुडाले. खरं तर सांगावं लागतच नाही. दाराशी खिळ्याला लांब वही आणि दोऱ्याने बांधलेलं पेन आहे, तारखा आपणच लिहायच्या.

महिना १ तारखेपासून धरतात, मध्येच आलात तर दिवसांवर हिशेब. पहिल्या दिवशी नाव विचारलं आणि आवाज फुटला नाही तर काकू तीच वही पुढे करतात. माझं नाव जुलैच्या पानावर माझ्याच अक्षरात आहे, बारीक, अगदी समासाला चिकटून.