मँड्रेल सेव्हर : पेन कातताना हात थांबू नये म्हणून

नाव ऐकून काहीतरी मोठं यंत्र असेल असं वाटतं. हातात येतं ते मुठीत मावणारं एक पोकळ लाइव्ह सेंटर, म्हणजे लेथवर कामाचं टोक तोलून धरणारं आणि कामासोबत फिरणारं टेकण. मागे टेलस्टॉकमध्ये (लेथच्या उजवीकडच्या सरकत्या भागात) बसणारा निमुळता दांडा, पुढे बेअरिंगवर फिरणारं नाक आणि त्या नाकात खोलवर गेलेलं भोक. एवढंच. तरी लाकडी पेनं कातणाऱ्याने चांगली पटाशी घेतल्यावर लगेच हीच वस्तू घ्यावी, असं माझं मत झालंय.

साध्या मँड्रेलचं, म्हणजे लाकूड ओवून लेथवर फिरवायच्या सळईचं, दुखणं आधी सांगते. सात मिलिमीटर नळीचं स्लिमलाइन पेन घ्या, म्हणजे बहुतेक सगळे ज्यावर हात बसवतात ते. त्याच्या मँड्रेलची सळई साधारण ६.२५ मिमी जाडीची. तिच्यावर बुशिंग (जाडीचं माप देणारं धातूचं कडं), एक ब्लँक (आत पितळी नळी चिकटवलेला लाकडाचा तुकडा), मधलं बुशिंग, दुसरा ब्लँक, पुन्हा बुशिंग असं ओवायचं, टोकाच्या आट्यांवर पितळी नट चढवायचा आणि त्या टोकाला टेलस्टॉकचं सेंटर टेकवायचं. नट सैल राहिला तर पटाशी लागताच ब्लँक जागीच थबकतो आणि सळई आतल्या आत फिरत राहते. नट करकचून आवळला किंवा टेलस्टॉक जोराने रेटला, तर एवढी लांब, बारीक सळई मधोमध किंचित बाक घेते. मशीन चालू असताना हे डोळ्यांना दिसतंच असं नाही. पेन जोडल्यावर मात्र बोटांना कळतं. लाकूड जिथे धातूच्या टोकाला मिळतं तिथून नख फिरवा: एका बाजूला लाकडाची कड अडते, आणि पेन अर्धं फिरवलं की तिथेच धातूची कड टोचते. लाकूड गोलच असतं. फक्त त्या गोलाचा मध्य आणि आतल्या पितळी नळीचा मध्य एक नसतो. मग कितीही पॉलिश करा, ती कड जात नाही.

हात न थांबता चालण्याच्या लयीचा याच्याशी काय संबंध? माझ्या मते सगळाच संबंध आहे.

पेन कातणं हे अगदी थोड्या वेळाचं काम. सुरुवातीला चौकोनी ब्लँकचे कोपरे गाऊजवर, म्हणजे खोलगट पटाशीवर, टकटकटक आपटतात, हाताला हिसके बसतात. कोपरे गेले की आवाज सलग होतो, आणि तिथून खरी मजा. पटाशीचा बेव्हल, म्हणजे धारेमागचा उतार, लाकडाला टेकवायचा, मूठ अगदी थोडी वर उचलायची आणि जाड भागाकडून बारीक भागाकडे, उतारानेच खाली यायचं. कोपर बरगडीला चिकटलेलं, डाव्या हाताचं बोट रेस्टच्या (पटाशी टेकवायच्या पट्टीच्या) कडेवरून घसरतंय, आणि सरकतं ते अंग: वजन एका पायावरून दुसऱ्यावर. नुसत्या मनगटाने सरकवली की पटाशी रुतलीच म्हणून समजा. शिसवीची पातळ, लांब साल धारेवरून सुटत राहते आणि कानाला एकच सूर येतो. सूर चिरका झाला की बेव्हल सुटलाय किंवा धार गेलीय. बघायची गरज पडत नाही, ऐकून हात सावरतो.

हे सगळं जमून येत असताना डोक्यात ‘सळई वाकली तर नसेल?’ हा किडा वळवळत असला की संपलं. मशीन बंद करा, कॅलिपर लावा, नट सैल करा, ब्लँक थोडा फिरवून पुन्हा आवळा. दोनदा असं झालं की हात गार पडतो आणि पुढचा प्रत्येक काप घाबरत घाबरत पडतो. नवशिक्यांना वाटतं आपला हातच वाईट. बऱ्याचदा हात ठीक असतो, पकड वाईट असते.

सेव्हर हा किडा काढून टाकतो. नट लागतच नाही. सळईचं मोकळं टोक सेव्हरच्या नाकात शिरतं, आणि नाक थेट शेवटच्या बुशिंगवर दाबतं. दाब सळईच्या टोकावर न येता बुशिंग आणि ब्लँकच्या रांगेवर येतो. टेलस्टॉकचं चाक हलक्या हाताने फिरवायचं, ब्लँक बोटाने फिरवून पाहायचा, घसरला तर आणखी इवलंसं. काढतानाही चाक उलटं फिरवलं की झालं, पाना शोधत बसायला नको.

अचूकतेसाठी मँड्रेलच सोडून द्या आणि एकेक ब्लँक दोन सेंटरांच्या मध्ये खास बुशिंगांवर काता, असं सांगणारे आहेत. त्यांचं चुकीचं नाही. अचूकता त्यातच जास्त. पण त्यात पेनाचे दोन भाग वेगवेगळे कातले जातात आणि एका दमात वरून खालपर्यंत उतरणारी रेघ मिळत नाही. मला दोन्ही भाग एकाच सळईवर, एकाच झोकात कातायचे असतात, म्हणून सेव्हर. सुपरग्लूचं फिनिश देताना मात्र मीही ते भाग दोन साध्या सेंटरांमध्ये धरते. सळईवर ठेवले तर ग्लू ओघळून बुशिंग चिकटतात, आणि ती सोडवताना फिनिशची कडच उचकटते. निदान बुशिंगांना मेण तरी लावा.

सेव्हर घेतला म्हणजे सगळे गुन्हे माफ, असं नाही. नळी चिकटवल्यावर ब्लँकची टोकं बॅरल ट्रिमरने नळीशी काटकोनात कापलेली नसतील, तर दाब तिरका पडतो आणि सळई याच्यातही वाकते. टेलस्टॉक हेडस्टॉकच्या (काम फिरवणाऱ्या डावीकडच्या भागाच्या) रेषेत नसेल तर सेव्हर काहीच वाचवत नाही. दोन्हीकडे टोकदार सेंटर लावून टोकाला टोक भिडतं का, ते आधी पाहा. सळई मागे-पुढे सरकवता येणारी हवी. लांबी पक्की असलेल्या मँड्रेलवर टोक भोकाच्या तळाला टेकतं, आणि मग पुन्हा सगळा जोर सळईवरच. माझ्याकडच्या सेव्हरचं अंग अकारण जाड आहे, त्यामुळे रेस्ट उजवीकडे पुरती सरकत नाही. हे मला खटकतं. आखूड रेस्ट लावून भागतं, पण बनवणाऱ्याने नाक आणखी निमुळतं केलं असतं तर काय बिघडलं असतं? बेअरिंग मात्र चोख निघालं: वेग वाढवून मिनिटाला २५०० फेऱ्यांच्या आसपास नेला तरी कुरकुर नाही. हातात घेतल्यावर नाक चिमटीत धरून आडवं हलवा. जरा जरी खेळ जाणवला तर तो सेव्हर घेऊ नका. तोच खेळ पुढे लाकडावर लाटांसारख्या रेघा होऊन उमटतो.

मागवण्याआधी आपल्या टेलस्टॉकचा टेपर, म्हणजे निमुळत्या भोकाचं माप, बघा. छोट्या लेथना बऱ्याचदा एक नंबरचा मोर्स टेपर असतो, जाड टोकाशी साधारण १२ मिमी. त्याहून मोठ्यांना दोन नंबरचा, साधारण १७.८ मिमी. दोन नंबरचा सेव्हर एक नंबरच्या भोकात जाणारच नाही. एक नंबरचा मात्र दोन नंबरच्या भोकात जोडस्लीव्ह (मधली निमुळती नळी) लावून चालवता येतो.