ओट्याचा दगड निवडताना: चरा वेगळा, टवका वेगळा

ग्रॅनाइट, संगमरवर आणि कारखान्यात बनलेला क्वार्ट्झ, असे तीन तुकडे शेजारी ठेवा आणि भाजी चिरायची साधी पोलादी सुरी जोर लावून तिन्हींवरून ओढा. संगमरवरावर पांढुरकी रेघ उमटेल आणि नख फिरवलं तर खाचेत अडकेल. उरलेल्या दोन्हींवर बहुतेक वेळा करडी, चकचकीत रेघ दिसते आणि बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. पण तिथे नख अडकत नाही. दगड आहे तसाच आहे, सुरीचं पोलाद झिजून त्याला लागलंय. ओल्या फडक्यावर थोडं सौम्य क्लीनर घेऊन चोळलं की रेघ निघते. ओटा करायला निघालेल्या प्रत्येकाला मी आधी हेच करून बघायला सांगते. ‘ग्रॅनाइटवर चरे पडले’ म्हणून जे दाखवलं जातं, त्यातलं बरंचसं असं लागलेलं लोखंड असतं.

असं का होतं, ते काठिण्याच्या मापावरून कळतं. जर्मन खनिजतज्ज्ञ फ्रीडरिश मोस यांनी 1812 मध्ये दहा खनिजांची उतरंड लावली. वरचं खनिज खालच्यावर चरा पाडतं, उलट होत नाही. त्यात संगमरवरातलं कॅल्साइट 3 वर, ग्रॅनाइटमधलं फेल्डस्पार 6 वर आणि क्वार्ट्झ, म्हणजे आपली गारगोटी, 7 वर. स्वयंपाकघरातली पोलादी सुरी साडेपाच-सहाच्या आसपास येते. त्यामुळे ग्रॅनाइटवरच चिरत बसलात तर ओट्याच्या आधी सुरीची धार जाईल. चिरायला पाट हवाच, पण तो सुरीसाठी.

ग्रॅनाइट एकजिनसी मात्र नसतो. त्यातल्या अभ्रकाच्या पापुद्र्यांचं काठिण्य जेमतेम अडीच-तीन. पॉलिश केलेल्या स्लॅबवर टॉर्च तिरपा धरून डोळे जवळ नेले तर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे दिसतात, ते बरेचदा अभ्रक निघून गेलेल्या जागी असतात. नवीन दगडातही ते असतात, त्याला खोट समजू नका. कारखान्यातल्या क्वार्ट्झमध्ये साधारण नव्वद टक्के गारगोटीचा चुरा आणि बाकी रेझिन (चुरा बांधून ठेवणारं प्लास्टिकसारखं द्रव्य) व रंग असतो, म्हणून त्याचा पृष्ठभाग अधिक सारखा लागतो. ओरखड्यांच्या बाबतीत मला या दोघांत डावं-उजवं करावंसं वाटत नाही. दोघांनाही सिरॅमिकच्या सुरीने, धार लावायच्या दगडाने किंवा बुडाला वाळूचे कण चिकटलेलं जड भांडं ओढल्याने चरा पडू शकतो. आणि काळ्या, आरशासारख्या पॉलिशवर तो चरा दिसतो. दाणेदार, फिक्या दगडावर शोधावा लागतो.

फरक पडतो तो आचेपाशी, आणि माझ्या मते निवड इथेच व्हायला हवी. क्वार्ट्झमधलं रेझिन दीडशे अंश सेल्सिअसच्या आसपासच बिघडू लागतं, आणि आचेवरून थेट उतरवलेला तवा त्याहून बराच तापलेला असतो. तो टेकवला की पिवळट किंवा पांढुरका डाग पडतो आणि तो खोलवर गेलेला असल्याने घासून जात नाही. ग्रॅनाइट वितळलेल्या खडकापासून जमिनीच्या पोटात सावकाश थिजलेला, त्याला त्या तव्याचं काही वाटत नाही. तरी मी त्यावरही भांड्याखाली अडणी ठेवते. कारण दगडाचा एकच भाग एकदम तापला आणि तिथे आधीपासून बारीक चीर असली, तर ती पुढे सरकू शकते.

आम्लाचा प्रश्न सोपा आहे. लिंबाचा रस सांडून राहिला की संगमरवराचं पॉलिश जातं, आणि तो डाग नसतोच, तेवढा दगडच विरघळलेला असतो. ग्रॅनाइट आणि क्वार्ट्झला लिंबू काही करत नाही. यातून एक उपयोगी चाचणी मिळते, कारण बाजारात ‘ग्रॅनाइट’ हे नाव फार सैल वापरतात. काळा ग्रॅनाइट म्हणून येणारा दगड भूशास्त्राच्या दृष्टीने बरेचदा गॅब्रो किंवा डोलेराइट असतो. ओट्याला तोही उत्तम चालतो. पण ज्या नमुन्यावर लिंबाचा थेंब अर्धा तास ठेवून पुसल्यावर निस्तेज ठिपका उरतो, त्यात कॅल्साइट आहे असं समजा. काळ्या दगडावर अ‍ॅसिटोनचा पांढरा बोळाही फिरवा. बोळा काळा झाला तर रंग वरून चढवलेला आहे.

आता टवक्याकडे येऊ. कठीण असणं आणि चिवट असणं या दोन गोष्टी आहेत, आणि ग्रॅनाइट कठीण आहे, चिवट नाही. बांधकामाच्या ग्रॅनाइटसाठीच्या अमेरिकी मानकात (एएसटीएम सी615) दाब सोसायची किमान ताकद 131 मेगापास्कल आहे आणि वाकताना तुटण्याची मर्यादा किमान 10.34. म्हणजे वरून कितीही वजन ठेवा, पण खाली आधार नसला तर दगड दगा देतो. सिंकसाठी भोक पाडल्यावर पुढे-मागे उरणारी अरुंद पट्टी ही सगळ्यांत नाजूक जागा. तडे जातात ते तिथेच, आणि पुष्कळदा वापरात येण्याआधीच, स्लॅब उचलून आणताना. कडांचंही तसंच: धारदार काटकोनी कडेवर कुकर आपटला की टवका उडतो, गोलाई दिलेली कड तोच मार झेलून जाते. क्वार्ट्झ रेझिनमुळे थोडा अधिक लवचीक, म्हणून त्याच्या कडा जरा बऱ्या टिकतात.

दुरुस्तीत ग्रॅनाइट पुन्हा पुढे जातो. टवका रंग जुळवलेल्या इपॉक्सीने भरता येतो आणि पॉलिश जागेवरच चढवता येतं. क्वार्ट्झचा भाजलेला डाग सहसा तसाच राहतो. ज्यांना ओरखडा दिसताच तो स्वतः घालवायचा असतो, त्यांनी अ‍ॅक्रिलिकच्या ओट्याचाही विचार करावा. त्यावर चरे लवकर पडतात, पण बारीक सँडपेपरने निघतातही. आच मात्र त्यालाही सोसत नाही. सीलर, म्हणजे दगडात मुरवायचा लेप, याबद्दल एवढंच की त्याने तेल-पाणी मुरणं कमी होतं, ओरखड्यांपासून संरक्षण मिळत नाही. कुणी तसं सांगून विकत असेल तर घेऊ नका.

एक गोष्ट वापरणाऱ्याची नाही, कापणाऱ्याची आहे, पण मला ती महत्त्वाची वाटते. कारखान्यातला क्वार्ट्झ कोरडा कापताना उडणारी सिलिकाची धूळ कारागिरांची फुप्फुसं निकामी करते. याच कारणाने ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2024 पासून त्यावर बंदी घातली. ग्रॅनाइटच्या धुळीतही सिलिका असते, प्रमाण कमी. दगड कुठलाही घेतलात तरी तो पाणी मारत कापायला सांगा.

गरम भांडी हाताला येतील तशी टेकवली जाणारं घर असेल तर मी ग्रॅनाइट सांगेन, मध्यम दाण्याचा, कडा गोल केलेला. भांडी जपून वापरली जात असतील आणि एकसारखा फिका रंगच हवा असेल तर क्वार्ट्झ. संगमरवर, त्यावरच्या खुणा ज्यांना मनापासून चालतात त्यांच्यासाठी. आणि ग्रॅनाइट ठरलाच तर स्लॅब ओला करून बघा: बाकीचा दगड सुकल्यावरही एखादी काळसर रेघ ओली राहत असेल, तर तिथे चीर असण्याची शक्यता आहे. सिंकची जागा त्या रेघेपासून लांब आखायला सांगा.