‘फामिलिया रोमाना’: उसाचं नाव निवृत्तीनंतर कळलं

कोल्हापुरात 31 वर्षं मी वनस्पतिशास्त्र शिकवलं. गावाबाहेर पडलं की ऊसच ऊस, त्यामुळे ‘सॅकरम ऑफिसिनॅरम’ हे उसाचं लॅटिन शास्त्रीय नाव फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल याची गणती नाही. पण ‘ऑफिसिनॅरम’ म्हणजे काय, हे एकाही वर्गाला सांगता आलं नाही. मलाच माहीत नव्हतं. ती सल राहिली होती, म्हणून निवृत्तीनंतर हान्स एरबर्ग या डॅनिश शिक्षकाचं ‘फामिलिया रोमाना’ हे लॅटिन शिकवणारं पुस्तक मागवलं.

पहिली आवृत्ती 1955 ची, प्रकरणं 35, आणि अख्खं पुस्तक लॅटिनमध्ये. भाषांतर नाही. पहिलंच वाक्य ‘रोमा इन इतालिया एस्त’, सोबत नकाशा. रोम इटलीत आहे, यात न कळण्यासारखं काय? मग नाईल मोठी, टायबर लहान, असं करत नवा शब्द आजूबाजूच्या वाक्यांतूनच उलगडतो. पुढे एका रोमन कुटुंबाची गोष्ट सुरू होते आणि गोष्टीबरोबर विभक्त्या पोटात जातात.

तिसऱ्या प्रकरणात मार्कूस बहिणीला मारतो: ‘मार्कूस यूलियाम पुल्सात’. मी मोठ्यानं वाचत होते. शेजारी अभ्यासाला बसलेल्या नातीनं विचारलं, “आजी, आधी यूलिया होती ना? आता यूलियाम का?”

“अगं, तिला मारतोय म्हणून.”

“म्हणजे माला, मालाम्!” आठवीत आहे, संस्कृत घेतलंय. ‘माला’ चालवून चालवून मेटाकुटीला आलेली पोरगी त्या द्वितीयेवर इतकी खूश झाली की पुढचं पानही तिनंच वाचलं.

उसाचं कोडं त्याआधी, दुसऱ्याच प्रकरणात सुटलं होतं. घरातल्या माणसांची मोजदाद चालते, तिथं ‘आन्किल्लारुम’ आलं. म्हणजे दासींची. षष्ठीचं बहुवचन! पुस्तक मांडीवर तसंच राहिलं. ऑफिसिनारुम म्हणजे ‘ऑफिसिनां’चा, औषधं करायच्या-ठेवायच्या कोठ्यांचा. लिनियस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाच्या 1753 च्या ग्रंथात हे नाव आहे, आणि त्या ग्रंथाचं नावच ‘स्पेसिएस प्लान्तारुम’, वनस्पतींच्या जाती. तेच ‘आरुम’. इतकी वर्षं डोळ्यासमोर होतं.

तक्रारी आहेत. स्वाध्यायांची उत्तरं पुस्तकात नाहीत, वेगळी विकत घ्यावी लागतात. एकट्यानं शिकणाऱ्यालाच उत्तरांची गरज असते, त्यामुळे हे मला पटलं नाही. शेवटच्या शब्दसूचीत अर्थ नाहीत, शब्द कुठं आला तेवढंच. आणि दहाव्या प्रकरणानंतर चढ चांगलाच लागतो. मी आठवड्याला एकच प्रकरण घेते, तेही मागची दोन पुन्हा मोठ्यानं वाचून. दीर्घ स्वरांवर रेघ दिलेली आहे, त्यामुळे उच्चाराला अडत नाही.

सध्या सोळाव्या प्रकरणातल्या वादळात अडकलेय. तिथली काही क्रियापदं दिसायला कर्मणी, अर्थानं कर्तरी. तिसऱ्यांदा वाचतेय, आणि नातीला अजून सांगितलेलं नाही.